बॅटरीचा उजेड

बाजारातून आणलेल्या चार कोंबड्यांनी सलग तिसऱ्या संध्याकाळी मला रडकुंडीला आणलं. नवं खुराडं, खाली भाताचं तूस, बसायला बांबूची दांडी, सगळं केलं. तरी दिवस मावळला की चौघी अंगणातच. एकीला धरून आत ढकलावं, तोवर दुसरी बाहेर. हातात बॅटरी घेऊन मी त्यांना हाकत होते आणि त्या माझ्याच पायांत घोटाळत होत्या.

"एवढं केलं तुमच्यासाठी," मी वैतागून म्हणाले, आणि चपापले. आईला गावाहून शहरातल्या माझ्या आधीच्या घरी आणलं, तेव्हा तिलाही मी हेच ऐकवलं होतं. नवी खोली, नवा पलंग. आणि ती दिवसभर जिन्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलत बसायची. महिन्याभरात गावी परत गेली.

शेजारच्या सुमनकाकू कुंपणापाशी उभ्या राहून बघत होत्या. "अगं, आत काळोख आणि उजेड तुझ्या हातात. त्या आत कशाला जातील? बॅटरी आत ठेव नि तू बाजूला हो."

ठेवली. बाजूला झाले. चौघी एकामागून एक मुकाट्याने आत गेल्या.

इतकं साधं होतं. आईच्या वेळी हे मला कुणी का नाही सांगितलं?