चार वाजता चिमणी

आमच्या मजल्यावर एक बातमी फिरत होती, आणि ती फिरवण्यात माझाच हात मोठा, हे आधी कबूल करतो. समोरच्या वहिनींच्या कॉम्प्युटरमध्ये त्यांचे गेलेले यजमान रोज दुपारी चारला येतात, आणि वहिनी त्यांना आत घेतात म्हणे.

साफ चूक. आत कोणी येत नव्हतं. बाहेर जात होतं.

वहिनींनी छापखान्यात पस्तीस वर्षं प्रुफं तपासली. औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा त्या हातात पेन्सिल धरून वाचतात. फसवणुकीपासून सावध करणारं बँकेचं पत्रक शेवटपर्यंत वाचणाऱ्या अख्ख्या इमारतीत त्याच एकट्या. ते वाचून त्यांनी लगेच स्वतः फायरवॉल बसवली.

"माझ्या घरात न विचारता कोणी ये-जा करायची नाही."

"मग मलाही पास काढून द्या," मी म्हटलं.

"तुमच्यासाठी कडी आहे, भाऊजी."

फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी. कुठलाही प्रोग्रॅम इंटरनेटवर निघाला की अडवून विचारणार. पहिल्याच दिवशी चारच्या ठोक्याला चौकट उघडली: 'चिमणी बाहेर जाऊ पाहत आहे. जाऊ द्यायचं?'

यजमान त्यांना चिमणी म्हणायचे. चारचौघांत कधीच नाही. पण आमच्या मजल्यावरची दारं पातळ आहेत.

यजमान कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होते. वहिनींनी तिथल्या सहकाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "तुम्हाला दोनदा घेरी आली होती ना, तेव्हा सरांनी तो प्रोग्रॅम लिहिला. घरी तुम्ही कीबोर्डला हात लावलेला असला, की चारला इथे हिरवा ठिपका यायचा. तो दिसल्याशिवाय सर चहाला उठायचे नाहीत."

यजमानांना जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. चौदा महिने ते यंत्र, कोणाला काही न सांगता, ही ठीक आहे म्हणून त्यांना कळवत होतं.

तेव्हापासून वहिनी पावणेचारलाच खुर्चीत बसायच्या आणि 'जाऊ द्या' दाबायच्या. खालच्या 'पुन्हा विचारू नका'वर खूण मात्र कधी करायच्या नाहीत. केली असती तर उद्या कोणी विचारलं नसतं.

एकदा मी तिथेच होतो. त्या पाणी आणायला उठल्या, तेवढ्यात चौकट आली. म्हटलं, बाईंची या भुतातून सुटका करावी. मी शहाण्याने खूण केली आणि 'अडवा' दाबलं. चौकट गेली. मीही गुपचूप घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी त्यांचं दार सताड उघडं. चार वाजले, सव्वाचार झाले. वहिनी पडद्यासमोर, हातातली पेन्सिल टेबलावर टक टक करत. तिसऱ्या दिवशीही तेच. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी कोणाला तरी सांगावं तशा म्हणाल्या, "आता यांना कळणार कसं, मी ठीक आहे ते?"

मला राहवलं नाही. जाऊन सगळं ओकलो. त्या रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं. चष्मा लावला, फायरवॉलच्या नियमांची यादी उघडली आणि एकेका ओळीवर पेन्सिल ठेवत वाचत गेल्या. सत्तेचाळिसावी ओळ माझी होती. ती काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी मी हजर होतो. चार वाजले. चिमणी बाहेर जाऊ पाहत होती. त्यांनी जाऊ दिलं.

मी हळूच म्हटलं, "वहिनी, लॅबमधलं ते मशीन केव्हाच भंगारात गेलं. निरोप पोचतो तरी कुठे?"

"ते त्यांचं ते बघतील. मी कळवायचं, एवढंच माझं काम. आणि भाऊजी, माऊसपासून लांब बसा."