कात्रपच्या दवाखान्यातली रांग

माया रोकडे उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये वाढली. वडील किसन, घरचे अप्पा, अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते आणि पोरीनं डॉक्टर व्हावं हे त्यांचंच वेड. ती मुलांची डॉक्टर झाली. मुंबईत तातडीच्या विभागात काही वर्षं काढून २००३ साली एका संस्थेतर्फे आफ्रिकेत, मलावीला गेली. "तिथं पोरं जास्त आजारी पडतात का?" एवढंच आई जनाबाईनं विचारलं.

तिथल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आया बाळं घेऊन बसायच्या. आल्या क्रमानं आत घेत, त्यामुळे फार आजारी बाळ कधीकधी रांगेतच दगावायचं. मायानं एक साधी पद्धत पाडली. आधी कुणीतरी रांगेतून फिरायचं, प्रत्येक मुलाकडे बघायचं आणि निपचित पडलेल्याला लगेच आत न्यायचं. हे तिनं नर्सना शिकवलं, मग फाटकावरच्या रखवालदारालाही. रडणारं मूल थोडं थांबू शकतं, गप्प झालेलं नाही, असं ती सांगायची. व्हरांड्यातले मृत्यू बरेच कमी झाले. शेजारच्या देशांतूनही तिला शिकवायला बोलावणी येऊ लागली.

२००६ च्या ऑगस्टमध्ये तिची धाकटी बहीण शीला हिच्या मुलीला, आम्रपालीला, जुलाब-उलट्या सुरू झाल्या. पोर दोन वर्षांची. शीलाचं घर बदलापूरला, कात्रपमध्ये. ती तिला घेऊन जवळच्याच दवाखान्यात गेली. गर्दी होती. कंपाउंडरनं नंबर दिला. शीला मुळात भिडस्त, ती बाकावर बसून राहिली. पोर आधी कुरकुरत होती, मग खांद्यावर शांत झाली. शेजारची बाई म्हणाली, डोळा लागलाय, उठवू नका. नंबर आल्यावर डॉक्टरांनी आम्रपालीला टेबलावर घेतलं आणि बराच वेळ मान वर केली नाही.

माया मलावीहून पोहोचली तोवर अंत्यविधी उरकला होता. दार शीलाच्या नवऱ्यानं, मिलिंदनं उघडलं. शीला भिंतीला टेकून बसली होती. ती रडली नाही.

"ताई, तिकडे रांगेत फिरून पोरं बघतेस ना तू?" ती म्हणाली. "इथं कोण होतं?"

दुसऱ्या दिवशी माया त्या दवाखान्यात गेली. भांडायचं ठरवूनच गेली होती, पण ती आम्रपालीची मावशी हे कळताच म्हातारे डॉक्टर उठून उभेच राहिले, आणि तिला भांडवेना. तुमच्या कंपाउंडरला मी शिकवते, एवढंच ती म्हणाली. मग रजा वाढवून ती बदलापूर-अंबरनाथचे दवाखाने हिंडली. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी चहा पाजून वाटेला लावलं. अंबरनाथच्या एका दवाखान्यात रांगेतून उचलून आत नेलेला एक मुलगा वाचल्याचं तिला कळलं. घरी तिनं ते सांगितलं नाही. शीलापुढे ते तोंडातून निघेना.

जायच्या आदल्या दिवशी दोघी भाजी निवडत होत्या. शीला अचानक म्हणाली, "तिचे हात गार पडले होते गं. मला वाटलं, पंख्यामुळे."

"कुणालाही तसंच वाटलं असतं," माया म्हणाली.

"तुला नसतं वाटलं."

मायानं तिचा हात धरला. शीलानं तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

माया मलावीला परतली. पुढे तिथं तिच्या हाताखाली शिकलेल्या नर्स दूरदूरच्या दवाखान्यांत गेल्या. शीला आणि मिलिंद कात्रप सोडून सोनिवलीला राहायला गेले. त्यांना पुन्हा मूल झालं नाही. बहिणींचं रविवारी फोनवर बोलणं होतं. अप्पांचे गुडघे, आईचं ब्लडप्रेशर, सोनिवलीत पाणी किती वेळ येतं. कामाचं शीला विचारत नाही. मायाही सांगत नाही.