बिनशेताची येळवस

मार्गशीर्ष अमावास्येच्या आदल्या दिवशी, शाळा सुटल्यावर, तालीम म्हणजे शिक्षण खात्याचा चपराशी आमच्या शाळेत आला. त्याने हेडमास्तरांच्या हातात कागद दिला. त्यांना उर्दू येत नव्हते, म्हणून मी तो वाचला. बालवर्ग बंद झाला.

शाळा लातूरच्या गंजामागे, म्हणजे धान्यबाजारामागे, एका अडत्याने दिलेल्या दोन खोल्यांत भरत असे. निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षे. चौथीपर्यंत मराठी शिकवणाऱ्या खाजगी शाळेने फार आवाज करू नये, एवढे शहाणपण आम्हा सगळ्यांना आले होते. बालवर्गाच्या बाईंना ते कधीच आले नाही.

बाईंना साधा दिवस खपत नसे. पंचांगात सण नसला की त्या वर्गात काढत. एक दिवस गोल वस्तूंचा. मुले बांगड्या, कवड्या, चाळण्या घेऊन येत. एकाने घरून अख्खी भाकरी आणली, ती दुपारपर्यंत सूर्य म्हणून भिंतीला टेकून उभी होती आणि सुट्टीत सूर्य सगळ्यांनी वाटून खाल्ला. एक दिवस वासाचा. फडक्यांच्या पुरचुंड्या नाकाला लावून डोळे मिटून ओळखायचे. हिंग, गूळ, करडीची पेंड. कुणीतरी आजोबांची तपकीर आणली होती, त्यामुळे त्या दिवशी शाळा अर्धा तास नुसती शिंकत होती. एक दिवस उलटा. बाई तरटावर मांडी घालून बसत आणि साडेचार वर्षांची एक मुलगी त्यांना दटावी, "लिव्ह नीट! घरी काय करतीस?"

माझा चौथीचा वर्ग पलीकडे होता. मध्ये भिंत नव्हती, पोत्यांचा पडदा होता. मी त्रैराशिक समजावत असे आणि पडद्याआडून पंचवीस कोंबडे आरवत. मी पडदा सारून म्हणे, "बाई, जरा हळू."

"मास्तर, कोंबडं हळू आरवतं व्हय? आरवलं तर दिस उगवायचा."

मी पडदा पुन्हा ओढून घेई. मला शांतता हवी असे. मुलांना पाढे यावेत, अक्षर वळणदार व्हावे, वर्षाच्या शेवटी आपण काय शिकवले ते दाखवता यावे, असे मला वाटे. बाईंना दाखवण्यासारखे काही नसे. त्यांच्या वर्गातले सगळे संध्याकाळी झाडून निघत असे.

त्या उदगीरकडच्या. गंजातल्या एका किराणा दुकानदाराची बहीण, नवरा लवकर गेलेला, गळ्यात लिंगायतांचे लिंग, बोलण्यात मध्येच एखादा कानडी शब्द. स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या. मी त्यांना बालशिक्षणावरचे एक पुस्तक मोठ्या अपेक्षेने वाचायला दिले होते. ते चार महिन्यांनी परत आले तेव्हा पानोपानी पिंपळाची, आपट्याची, कडुलिंबाची पाने दाबून ठेवलेली होती. "लई उपयोगी पडलं बगा पुस्तक," त्या म्हणाल्या. कचेरीत जाताना घालायची माझी तांबडी रुमी टोपी खुंटीला असे. पाखरांच्या दिवशी ती घरटे म्हणून गेली. ती परत मिळाली तेव्हा आत गवत आणि मातीची चार अंडी होती. रागाने मी दोन दिवस पडदा सारलाच नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणली. टोपीचा विषय मात्र काढला नाही.

मग ती येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, आली.

येळवशीला लातूर रिकामे होते, हे आमच्याकडच्यांना सांगायला नको. ज्याचे शेत आहे तो घरची माणसे, आंबिलाचे मडके, शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे घेऊन शेतावर जातो. कडब्याची कोपी उभारून तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडतो, पूजा करतो, जेवतो. शेत नसलेल्यांना आग्रहाने बोलावतात. कुणी उपाशी राहत नाही. तरीही बाईंना ते खुपत होते. त्यांच्या वर्गात शिंप्याची, सोनाराची, गंजातल्या हमालांची अशी अकरा मुले होती, ज्यांच्या घरी वीतभर जमीन नव्हती.

"जेवायला बोलावतेत की," मी म्हणालो.

"पाव्हणं म्हणून. दुसऱ्याच्या कोपीत अंग चोरून बसायचं. एक डाव तरी लेकराला म्हणू द्या, ही माजी कोपी."

त्यांनी शाळेमागच्या मोकळ्या जागेत शेत करायचे ठरवले. मुलांनी वाफे ओढले, ज्वारी आणि हरभरा पेरला, रोज लोट्याने पाणी घातले. अमावास्येपर्यंत चार-चार बोटे हिरवे उगवून आले. पाच दगड चुन्याने रंगवले. अकरा घरांतून आंबील यायची होती. संध्याकाळी रिवाजाप्रमाणे टेंभा पेटवून, आरोळी देत शेताला फेरी घालायची होती.

टेंभा आणि आरोळी ऐकून माझे धाबे दणाणले. दिवस वाईट होते. पाच-पंचवीस माणसे जमवायची तर आधी इजाजत घ्यावी लागे. मी म्हणालो, "बाई, अर्ज करू."

"लेकरांचा जमाव असतो व्हय मास्तर? लेकरं असतेत. काई करू नका. कुणी बगत न्हाई आपल्याकडं."

मी ऐकले नाही. मला वाटले, नियमाने वागणाऱ्याला भीती नसते. आणि खरे सांगायचे तर माझे उर्दू चांगले होते व ते दाखवायची संधी क्वचितच मिळे. मी तीन संध्याकाळी बसून अर्ज लिहिला. काही लपवले नाही. किती माणसे येतील, झोपडी कसली, फेरी किती वाजता, टेंभा कुणाच्या हाती, आरोळी कशासाठी, आणि बालवर्गात मुले किती, हे सगळे क्रमाने लिहिले. बाईंनी वैतागून खाली मराठीत सही केली.

जिल्ह्याच्या कचेरीतून उत्तर आले ते मी सुरुवातीला सांगितले. पेटता टेंभा घेऊन घोषणा देणाऱ्या जमावाला इजाजत नाही. शिवाय या शाळेला पहिली ते चौथी एवढीच मंजुरी आहे. अर्जात उल्लेख आलेला बालवर्ग कोणाच्या हुकुमाने चालतो? तो आजपासून बंद समजावा. सहा वर्षे तो वर्ग चालला होता आणि कचेरीला त्याचा पत्ता नव्हता. पत्ता मी दिला.

मी वाचून होईपर्यंत बाई उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "मास्तर, तुमी लई चांगलं लिवलं असंल. म्हणून तर त्यांना समजलं."

त्यात टोमणा होता की नव्हता, हे मी पुढे कित्येक वर्षे चाचपडत राहिलो. भांडल्या असत्या तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी, येळवशीला, मी शाळेकडे गेलो. का गेलो ते ठाऊक नाही. गंज ओस पडला होता. शाळेला कुलूप होते आणि पायरीवर अकरा मुले बोळकी घेऊन बसली होती. त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. बाई त्यांच्यासमोर उकिडव्या बसून काहीतरी समजावत होत्या. मी रस्त्याच्या पलीकडे, अडतीच्या खांबाआड थांबलो.

"आज गप दिस हाय," त्या म्हणाल्या. "गप येळवस. जो बोलंल तो हारला."

शिंप्याच्या पोराने विचारले, "आन् आरोळी?"

"पोटात द्यायची."

मुलांनी ओठांवर बोट ठेवले. सगळ्यांनी एकमेकांच्या बोळक्यातली आंबील प्याली. मग एकामागून एक ओळ करून ती अकरा मुले आणि बाई बंद दुकानांसमोरून चालत निघाली. प्रत्येकाला घरी पोचवत पोचवत ओळ लहान होत गेली. एकही मूल बोलले नाही. माझ्या वर्गात इतकी शांतता मला कधी मिळाली नव्हती. मी खांबाआडून पुढे झालो नाही.

महिन्याभरात त्या चाकूरला धाकट्या भावाकडे गेल्या. पुढे राज्य बदलले. मी हेडमास्तर झालो. बालवर्गाला मंजुरी मिळवली आणि ती घेऊन चाकूरला गेलो. बाई दारात हरभरा निवडत होत्या. कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिला.

"इजाजत हाय म्हणा आता."

"आहे. तुम्ही या."

"न्हाई मास्तर. आता कुणी आलं की मला वाटतंय, कागद घेऊन आलं. तसं मन घेऊन लेकरांत बसू नये." मग सुपाकडे पाहत म्हणाल्या, "च्या घ्या."

मी चहा घेतला. माफी मागायला गेलो होतो, ती तशीच परत घेऊन आलो. नंतर दोनदा गेलो, दोन्ही वेळा तेच झाले. गेल्या महिन्यात बाई गेल्याचे पत्र आले.

शाळेमागच्या जागेवर आता गोदाम आहे. बाईंनी परत केलेल्या पुस्तकात अजून दोन पिंपळपाने आहेत. त्या अर्जाचा मसुदा माझ्या पेटीत आहे. परवा पुन्हा वाचला. त्यात एकही चूक नाही.