बर्फाने पोळलेला डाग

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध. अंगारे-धुपारे, बाहेरचं बघणं आमच्या घरात कधीच नव्हतं. त्यामुळे हे लिहावं की नाही, यात बरीच वर्षं गेली...

२००० नंतरची गोष्ट. मी तेव्हा शहापूरला नोकरीला होतो, आई गावी, वैशाखऱ्याला. माझ्या मोठ्या बहिणीला, सुनंदाताईला, कावीळ झाली म्हणून तपासण्या केल्या, तर निघाला स्वादुपिंडाचा कॅन्सर. शिरांना चिकटलेला, काढता न येणारा. मुंबईच्या डॉक्टरांनी एकच सुचवलं – पोट उघडून गाठीत सुई घालायची आणि गाठ जागेवरच गोठवायची. बरी होणार नाही, पण दुखणं कमी होईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. ताई म्हणाली, "एक रात झोप लागली तरी पुरे."

आईला हे गोठवणं कसं समजावणार? मी सांगितलं, मशीननं गाठ जाळणार आहेत.

ऑपरेशन भर मे महिन्यात, दुपारी. ते उरकल्यावर मी हॉस्पिटलातून गावी, आमच्या शेजारच्यांकडे फोन लावला. आईसोबत माझी बायको होती. फोनवर तीच आली. त्याच दुपारी पडवीत तांदूळ निवडता निवडता आई एकाएकी कुडकुडायला लागली म्हणे. दात वाजत होते. दोन गोधड्या घातल्या तरी थांबेना. आणि एकच धोशा – "सुनंदाला पांघराय घाला गो, ती गारठली."

चार दिवसांनी मी गावी गेलो. आईच्या पोटावर, बरगड्यांच्या खाली, रुपयाएवढा पांढराफटक डाग होता, भोवती पाण्यानं भरलेला फोड. मुरबाडच्या डॉक्टरांनी निरखून पाहिलं आणि विचारलं, "आजी, पोटाला बर्फ धरला होता का? हे बर्फानं पोळलंय."

आमच्या घरात फ्रीज नव्हता. आईनं बर्फ पाहिलेला म्हणजे म्हसा गावच्या जत्रेतला बर्फाचा गोळा, तेवढाच.

ताईचं दुखणं थोडे दिवस खरंच थांबलं. झोपायची, पेज प्यायची. मग पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा जास्त. पावसाळा संपायच्या आत ती गेली. शेवटी शेवटी तिला कूस बदलायलाही दोन माणसं लागायची.

ताईला पोचवून आलो त्या संध्याकाळी आई भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. मी शेजारी बसलो, तशी हळूच म्हणाली, "थोडी घेतली रे मी तिची. सगळी नाय घेता आली."

नंतर दोन-तीन डॉक्टरांना त्या डागाबद्दल सांगून पाहिलं – कोणी योगायोग म्हणालं, कोणी हसलं. पुढं आई गेली, तेव्हा तिला शेवटची आंघोळ घालताना बायकोनं त्या डागाच्या जागी हात लावून पाहिला होता. बाकी अंग अजून कोमट होतं, म्हणाली. तेवढी जागा सोडून.