आप्पांच्या टोमॅटोचं माहेर

आमच्या वन्संना चिठ्ठी नसलेली बाटली दिसली की चैन पडत नाही. एकतीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या तपासणीखोलीत काढली, रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत. निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या स्वयंपाकघरावर तुटून पडल्या. मिठाच्या बरणीवर ‘मीठ’. मी म्हटलं, “अहो वन्सं, मीठ मला ओळखता येतं.” तर म्हणतात कशा, “तुला येतं गं. तुझ्यानंतर येणाऱ्याला?” घ्या! मी धडधाकट उभी आणि यांची माझ्यानंतरची तयारी सुरू.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी या घरात आले त्याला अडतीस वर्षं झाली. आता सासू-सासरे नाहीत, लेक तिच्या संसारात आहे. घरात आम्ही तीन म्हातारी माणसं आणि गच्चीवर चाळीस कुंड्या. चाळीसच्या चाळीस कुंड्यांत एकच टोमॅटो, आप्पांचा. आप्पा म्हणजे माझे सासरे.

टोमॅटो आहे मात्र देखणा, खोटं कशाला बोलू. मुठीएवढा, गुलाबीसर, देठापाशी घड्या पडलेला. साल इतकी पातळ की पिशवीतून नेला तर घरी रसच पोचतो. म्हणून बाजारात कधी दिसत नाही. आप्पा बंदरावर मालाच्या कचेरीत होते. तिथे एका परदेशी बोटीवरच्या माणसानं त्यांना हा टोमॅटो खायला दिला, आणि आप्पांनी बी रुमालात बांधून आणलं. मी लग्न होऊन आले तेव्हा तो माणूस बोटीवरचा आचारी होता. मुलगी झाली तोवर त्याचा खलाशांचा मुकादम झाला. आप्पा गेले त्या वर्षी तो कप्तान होता. एवढी बढती खुद्द आप्पांनाही कधी मिळाली नाही!

माझी आई एकदा आमच्याकडे राहायला आली होती, लेक दोन वर्षांची असताना. आप्पांनी तिला तासभर गच्चीवर उभं करून टोमॅटोचं सगळं कुळ सांगितलं. आई पदर सावरत ऐकत होती. शेवटी म्हणाली, “अस्सं? बघून वाटत नाही हो, एवढ्या लांबून आला असेल.” तेवढ्यात सासूबाईंना असा ठसका लागला की त्या पाणी प्यायला खाली गेल्या त्या वरच आल्या नाहीत. मला आईचा रागच आला. म्हटलं, सासरच्या माणसांसमोर नीट दोन शब्द कौतुकाचे बोलता येत नाहीत का हिला?

तर यंदा काय झालं, शेतकी महाविद्यालयात जुन्या वाणांच्या बियांचा संग्रह करतात, तिथलं कुणीतरी वन्संना भेटलं. टोमॅटो खाऊन बघितला आणि म्हणाले, द्या आम्हाला, जपून ठेवू. वन्संचं वजन त्या दिवशी दोन किलो वाढलं असेल. फॉर्म घेऊन आल्या. त्यात एक रकाना होता : हे बी प्रथम कोणाकडून आले, कोणत्या वर्षी. ते नाव संग्रहात कायमचं राहणार होतं.

“आप्पांचं नाव लागणार, वहिनी,” वन्सं मला म्हणाल्या. “आपण तिघं गेल्यावर आप्पांना कोण ओळखणार? आता राहील कुठंतरी.” डोळे भरले होते त्यांचे. वडिलांवर फार जीव त्यांचा. घरात आप्पांचा चष्मासुद्धा अजून चिठ्ठी लावून ठेवलेला आहे.

मी म्हटलं, मग लिहा आणि मोकळ्या व्हा. पण त्या वन्सं! “ऐकीव लिहायचं नाही. आप्पांपासून आजपर्यंत साखळी दिसली पाहिजे.” आणि बियांचा पत्र्याचा डबा काढून बसल्या.

टोमॅटोचं बी ठेवायची एक रीत असते. पिकलेल्या फळाचा गर पेल्यात दोन-तीन दिवस आंबवायचा, वर फेस आला की धुवायचा आणि बी कागदावर पसरायचं. वाळलं की ते कागदाला असं चिकटतं की सोडवता सोडवत नाही. मग पेरताना कागदासकट तुकडा कापून मातीत घालायचा. वन्संच्या हातचे सत्तावीस वर्षांचे कागद होते, प्रत्येकावर तारीख. त्याआधीचं काम सासूबाईंचं, आणि सासूबाईंचा खाक्या निराळा. हाताला लागेल तो कागद, तारीख नाही की काही नाही. दहा वर्षांपलीकडचं बी उगवत नाही, म्हणून डब्याच्या तळाशी गेलेल्या त्या घड्या कुणी उलगडल्याच नव्हत्या.

वन्सं म्हणाल्या, तारीख नसेना का, कागदाला पाठ तर आहे. झालं, बी बाजूला राहिलं आणि आम्ही कागद वाचत बसलो. कॅलेंडरची पानं निघाली. औषधाच्या बाटलीचं वेष्टण निघालं. आणि निघाली आमच्या ह्यांची नववीची गणिताची उत्तरपत्रिका, शंभरात अकरा! हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, “ती हरवली असं आईनं आप्पांना सांगितलं होतं.” मी हसून लोळायची बाकी राहिले. सासूबाई अशाच होत्या, घरात भांडण नको म्हणून अर्धं जग पदराखाली झाकायच्या.

सगळ्यात खाली बंदराच्या कचेरीतली मालाची पावती निघाली, आप्पांच्या सहीची, मागे बी चिकटलेलं. वन्संनी ती कपाळाला लावली. साखळी पोचली होती. मधली दोन-तीन वर्षं तेवढी जुळायची राहिली. एक घडी घातलेला वहीचा कागद उरला होता. वन्संनी तो उलगडला, चष्मा वर-खाली केला आणि माझ्याकडे दिला. “हे अक्षर कुणाचं? आईचं नाही.”

अक्षर माझ्या आईचं होतं.

वरचा अर्धा कागद पेरण्यासाठी कापून गेलेला. उरलेल्या भागावर लिहिलं होतं, “…दोन सुलट, दोन उलट. बाहीला टाके कमी करत जा, बाळाचा हात सुटा राहू दे.” आणि खाली : “विहीणबाई, तुमचं बी यंदा अजिबात उगवलं नाही असं तुम्ही कळवलंत. आमच्या परसातल्या टोमॅटोचं मागच्या बाजूला वाळवलंय, दिसायला तुमच्यासारखाच आहे. आप्पांना सांगू नका, मनाला लावून घेतील. टोमॅटो काही बोलायचा नाही. वीण तेवढी लेकीला उतरवून द्या.”

लेकीच्या वेळी मला दिवस होते तेव्हा मी आईकडे बाळाच्या स्वेटरची वीण मागितली होती. ती कधी आलीच नाही. मी आईला नको नको ते लिहिलं. लेकीसाठी दोन ओळी लिहायला सवड नाही का तुला, असं. तिचं उत्तर आलं, “विसरले गं. वय झालं.” वय कसलं डोंबलाचं, पन्नाससुद्धा नव्हतं! मी दोन महिने तिला पत्र टाकलं नाही. आणि ती ठसका लागल्यासारखंसुद्धा न करता गच्चीवर उभी राहून स्वतःच्याच टोमॅटोचं कौतुक ऐकत होती. सासूबाईंना तरी काय बोलू? विणकाम त्यांना येत नव्हतं, आणि कागद माझ्या हातात दिला असता तर संध्याकाळपर्यंत आप्पांना कळलं असतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे त्या पहिल्याच महिन्यात ओळखून होत्या. आईला जाऊन एकोणतीस वर्षं झाली. आता सॉरी कुणाला म्हणू?

डोळे पुसून बघते तर वन्संचा चेहरा पांढरा पडलेला. पावती निघाली तेव्हाच त्यांनी फॉर्मवर, सुवाच्य अक्षरात, आप्पांचं नाव लिहून ठेवलं होतं.

त्या उठून गच्चीवर गेल्या. तासाभरानं मी चहा घेऊन गेले तर कुंड्यांमध्ये स्टुलावर बसलेल्या. मी म्हटलं, “राहू द्या हो आप्पांचंच नाव. कोण विचारायला येतंय? टोमॅटो काही बोलायचा नाही, आईनंच लिहून ठेवलंय.” आणि अगदी मनापासून म्हटलं. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

वन्संनी चहा घेतला. म्हणाल्या, “नोकरीला नवीन होते तेव्हा माझ्या हातून दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. घरी जेवायला आले तेव्हा लक्षात आलं. कुणाला कळलं नसतं. मी रडत आप्पांना सांगितलं. आप्पांनी माझं ताट बाजूला सरकवलं. म्हणाले, आधी जा, चिठ्ठी बदल, मग जेव.” कप खाली ठेवून म्हणाल्या, “गोष्टी सांगताना त्यांचं तोंड सैल सुटायचं. पण एवढं मला त्यांनीच शिकवलं.”

खाली आल्यावर त्यांनी पट्टी घेतली आणि आप्पांच्या नावावर एक सरळ रेघ मारली. मग पेन तसंच धरून माझ्याकडे बघितलं.

“वहिनी, तुझ्या आईचं नाव काय गं?”

अडतीस वर्षांत या घरात ती विहीणबाई होती, हिची आई होती, लेकीची आजी होती. नाव कुणी विचारलं नव्हतं. मलाही कधी सांगावंसं वाटलं नव्हतं. मी नाव सांगितलं. वन्संनी ते सावकाश लिहिलं, माझ्या माहेरच्या आडनावासकट, आणि शेजारी कंसात ‘त्याआधीचे माहीत नाही’. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि फॉर्म माझ्यापुढे धरला.

“बघ, बरोबर आहे ना?”

मला अक्षर दिसत नव्हतं. पण म्हटलं, “बरोबर आहे.”