काळी चांदी

अख्ख्या ओहायोत आमच्या शेजारच्या डॉक्टरकाकांइतका संशयी माणूस सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो बनावट आहे हे काका भिंग लावून सिद्ध करतील. इथल्या आमच्या डब्लिन गावात नवं मराठी कुटुंब आलं की बाकीचे त्यांना जेवायला बोलावतात. काका आधी त्यांच्या दारावरून दोनदा गाडी नेतात. माझ्याकडच्या श्रीखंडाचा पहिला चमचा जिभेवर घोळवून त्यांनी विचारलं होतं, "चक्का घरचा की विकतचा? खरं सांग." विकतचा होता.

अशा माणसाला छंद जडला तो जुन्या रिव्हॉल्व्हरांचा. दिवाळीत लवंगी फटाका वाजला तरी कानांत बोटं घालणारे हे गृहस्थ. गोळीबाराशी त्यांना काही देणंघेणं नाही. त्यांना हवी असते मुठीवरची चांदी. एरवी श्रीमंतांचे चहाचे सेट घडवणारे इथले बडे चांदीकार एके काळी हौशी गिऱ्हाइकांसाठी रिव्हॉल्व्हरच्या मुठीही चांदीने मढवून त्यांवर नक्षी कोरत. अशी चार रिव्हॉल्व्हरं काकांनी जमवली, तीही प्रत्येक विक्रेता चोर आणि चांदीवरचा प्रत्येक शिक्का खोटा असं गृहीत धरून. सगळ्यांत लाडकं होतं द्राक्षवेलीच्या नक्षीचं. त्या चांदीवर चढलेला काळा थर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. "हा काळेपणा म्हणजे तिचं बर्थ सर्टिफिकेट. हा गेला की एक्स्पर्ट ढुंकून बघणार नाही," असं म्हणत ते सुती हातमोजे घालूनच तिला हात लावायचे. खंडेनवमीला चारही रिव्हॉल्व्हरं पाटावर मांडून शस्त्रपूजा व्हायची, पण हळदकुंकू फूटभर लांब. "कुंकवात काय मिक्स करतात, कुणी टेस्ट केलंय?" काकू दर वर्षी म्हणायच्या, "अहो, पूजेला काळी चांदी ठेवतात का? चिंच लावून घासू द्या ना." काका लगेच कपाटाला कुलूप लावायचे.

जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेणाऱ्या या माणसाने एकच संशय कधी मनात येऊ दिला नाही. काकू वर्षभरापासून विसरायला लागल्या होत्या. एका चहात त्या मला तीनदा विचारत, "मुलगी कितवीत आहे गं तुझी?" मी काकांकडे पाहिलं की ते घाईने म्हणत, "टायर्ड आहे ती. झोप नाही झाली." आणि हे स्वतः डॉक्टर!

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी एक तज्ज्ञ द्राक्षवेलीची मूठ तपासायला येणार होते. ती अस्सल आहे असा त्यांचा शेरा मिळावा म्हणून काका सहा वर्षं त्यांच्या मागे होते. सकाळीच मला फोन आला, "आत्ताच्या आत्ता ये." गेले तर तज्ज्ञांसाठी रात्रीच कपाटातून काढून ठेवलेलं रिव्हॉल्व्हर नव्या ताटासारखं लखलखत होतं.

"आमच्या घराची स्पेअर की तुझ्याकडेच असते. हात दाखव."

चाळिशी ओलांडलेली मी शाळेतल्यासारखे दोन्ही हात पुढे करून उभी राहिले. राग आला होता, पण काकांनी माझी बोटं हुंगली तेव्हा हसूही आवरेना. तेवढ्यात काकू टॉवेलला हात पुसत आल्या.

"अहो, उद्या पूजा ना? सासूबाई रागावतील, म्हणून घासून ठेवलं."

सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली होती.

काकांनी हातमोजे काढले, मूठ उघड्या हाताने धरली आणि म्हणाले, "छान निघालीय गं. अगदी नवी."

दुपारी तज्ज्ञांनी मान हलवली. थरच गेला, आता छातीठोकपणे काहीच सांगता येणार नाही, म्हणाले. हे केलं कुणी? "मी," काकांनी शांतपणे सांगितलं. "माझीच चूक." त्यांना चूक कबूल करताना मी प्रथमच पाहत होते.

गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेले, तर काकू विचारत होत्या, "अहो, दसऱ्याची चांदी घासायची राहिली ना?" दसरा होऊन तीन आठवडे झाले होते. काकांनी कपाट उघडलं, दुसरं रिव्हॉल्व्हर काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि स्वतः वाटीत चिंच भिजवली. काकू मन लावून घासू लागल्या. काहीतरी मदत करावी म्हणून मी तिसऱ्याला हात घातला.

"आधी हातमोजे घाल," काका माझ्याकडे संशयाने बघत म्हणाले.