पाळकसाहेब तसं म्हणाले नव्हते

दोन वर्षं प्रार्थनेत माझे नुसते ओठ हलत होते. कुणाच्या लक्षात आलं नाही. ठाण्याच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत रविवारचं गायन मी चालवायचो, आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करायचो, आणि देव आपलं ऐकत नाही अशी मनाची खात्री होत चालली होती. विश्वासात टिकून राहणं का जमत नाही, याचं कारण मी बाहेर शोधायचो. मुलगी गेली ना, म्हणून. खरं कारण मला ठाऊक होतं, ते मी कधी बोललो नाही.

आमची करुणा पाच वर्षांची होती. तिला घटसर्प झाला. गिळता येईना, श्वास घरघरू लागला. मी पाळकसाहेबांकडे धावलो. ते म्हणाले, "मी इथे प्रार्थनेला बसतो. तुम्ही आधी टांगा करा आणि पोरीला इस्पितळात न्या." घरी येऊन मी बायकोला, शालिनीला, सांगितलं, "साहेब म्हणाले, विश्वास धरा, डॉक्टर नको." आदल्याच महिन्यात एका घरी माझ्या प्रार्थनेनंतर ताप उतरला होता आणि मंडळीत माझं नाव झालं होतं. देवाच्या सामर्थ्याची तशीच साक्ष आपल्या घरात घडावी, ही हाव मला सुटली होती. शालिनी दोन दिवस इस्पितळाचं नाव काढत राहिली. दर वेळी मी पाळकसाहेबांचं नाव पुढे केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी करुणा गेली.

मातीहून परतल्यावर शालिनीने चारचौघांत पाळकसाहेबांना विचारलं, "माझी पोर मारून काय मिळवलंत?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ते तसेच दाराबाहेर पडले. हळूहळू लोकांनी त्यांना घरी बोलावणं बंद केलं. सहा महिन्यांत त्यांचं काम सुटलं. नौपाड्यात एक खोली घेऊन ते शिकवण्या करू लागले. समोरून येताना दिसले की मी गल्ली बदलायचो.

मी रेशनिंगच्या कचेरीत कारकून होतो. कल्याणजवळच्या निर्वासितांच्या छावणीत कार्डं करायला मला पाठवलं, आणि तिथेच हिवतापाने गाठलं. टेबलावरच कोसळलो. शुद्धीवर आलो तो एका बराकीत, दोरीवर टाकलेल्या चादरीच्या आडोशाला. एक सिंधी बाई माझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. ना ओळख, ना पाळख. दोन दिवस तिने मला पातळ खिचडी भरवली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने विचारलं, मुलं किती? म्हटलं, "एक थी."

"मेरी भी एक थी," ती म्हणाली. "बुखार था. जहाज पर चढने नहीं देते, इसलिये मैंने शाल में छुपाया. डॉक्टर ने पूछा. मैं बोली, सोई है. रास्ते में गई. मेरे हाथ से हुआ."

तिने फाळणीला दोष दिला नाही, जहाजवाल्यांना नाही, देवालाही नाही. फडकं पिळून पुन्हा माझ्या कपाळावर ठेवलं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि करुणा गेल्यापासून पहिल्यांदाच रडलो.

घरी आलो तेव्हा शालिनी तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "पाळकसाहेब तसं म्हणाले नव्हते. इस्पितळात न्या, म्हणाले होते."

तिने सूप खाली ठेवलं. "पुन्हा बोला."

मी पुन्हा बोललो.

"मी त्या माणसाला काय काय बोलले," ती म्हणाली. मी पुढे झालो तशी मागे सरकली. "हात लावू नका मला. आधी त्यांच्याकडे जा."

पाळकसाहेबांनी दारातच सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "वाटलं होतं, उद्या सांगाल. मग वाटलं, परवा. पुढे माझं ऐकणारं कुणी उरलंच नाही."

"क्षमा करा, साहेब."

"करीन. मला करावीच लागेल. पण आज नाही जमत." दार लावता लावता ते म्हणाले, "रविवारी मंडळीपुढे सांगा."

सांगितलं. गायन माझ्याकडून काढून घेतलं, ते योग्यच झालं. शालिनी पाच महिने माहेरी राहिली, मग परत आली. कामापुरतं बोलते. त्या सिंधी बाईचे आभार मानायला मी छावणीत गेलो, तर बराकीत दुसरं कुटुंब होतं. तिचं नाव मी विचारलंच नव्हतं. तिला माझ्याकडे कुणी धाडलं, यावर मी वाद घालणार नाही. एवढंच कळलं की आपल्यातलं चांगलं तेवढं मी देवाच्या हाती देत आलो होतो, आणि वाईट मात्र दुसऱ्याच्या अंगावर टाकून मोकळा झालो होतो. मग विश्वासाची वाट चालणार कशी?

गेल्या नाताळात पाळकसाहेब आमच्या घरी आले. शालिनीने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. माझ्याशी ते फारसं बोलले नाहीत. निघताना म्हणाले, "प्रार्थना करू या. तुम्ही सुरुवात करा." मी सुरुवात केली, पण एक वाक्यही धड पुरं होईना. ते त्यांनी पुरं केलं.